एआय प्रशिक्षणाचं पिच: आधी एक वर्ग घ्या, मग देशाचं बोला

पावसाळा सरत आला की कॉलेजच्या फलकावर स्पर्धांच्या नोटिसा लागतात. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन असतो, विद्यापीठाची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा असते, कुठल्या तरी मोठ्या कंपनीची आयडिया स्पर्धा असते. यादीत आता एक विषय हमखास दिसतो: देशातल्या तरुणांना एआयची कौशल्यं कशी द्यायची. मुलं तो आवडीनं उचलतात, कारण वाचताना सोपा वाटतो. आणि मग बहुतेक टीम्स एकच पिच, म्हणजे परीक्षकांसमोर मांडायची योजना, घेऊन उभ्या राहतात. एक ॲप, त्यात व्हिडिओ, कोपऱ्यात चॅटबॉट, शेवटी प्रमाणपत्र आणि पहिल्या स्लाइडवर भारताचा नकाशा.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि दरवर्षी एक-दोन टीम्सचा मेंटॉर असतो. पहिल्यांदाच अशा स्पर्धेत उतरणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. या विषयावर बोलायचा अधिकार कमवायचा एकच मार्ग मला माहीत आहे: पिच करण्याआधी एक वर्ग स्वतः घ्या. तीस जणांना दोन तास बसवून काहीतरी शिकवा. देशाची योजना म्हणजे त्या एका खोलीचा गुणाकार असतो आणि खोलीतलं गणित चुकलं तर पुढचं सगळं चुकतं.

माणूस ठरवा

"भारतातील युवक" या नावाचा कुणी माणूस नाही. तुमचा शिकणारा कोण, हे पहिल्या बैठकीतच ठरवा. तो आयटीआयमधला इलेक्ट्रिशियन असेल, इचलकरंजीच्या यंत्रमागावरचा जॉबर असेल, तालुक्याच्या गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवणारी ताई असेल, आशा सेविका असेल, जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी असतील किंवा शेतकरी उत्पादक कंपनीत हिशेब लिहिणारा मुलगा असेल. एकच निवडा. दोन निवडले की दोघांचंही अर्धवट होतं.

निवड कशी करायची? माझी कसोटी साधी आहे. त्या माणसाकडे तुम्हाला पायी किंवा एसटीनं, एका दिवसात जाऊन परत येता आलं पाहिजे. गडचिरोलीच्या दुर्गम पाड्यावरच्या मुलांसाठी पिच करावंसं वाटणं चांगलंच आहे. पण सांगलीत बसून तिथल्या मुलांविषयी जे लिहाल ते ऐकीव असेल आणि ते ऐकीव आहे हे तिसऱ्या प्रश्नाला उघडं पडेल.

माणूस ठरला की त्याच्याजवळ बसा. फोन कुठला आहे, रिचार्ज कोण मारतं, दिवसातला कुठला तास मोकळा असतो, टाइप करतो की बोलून पाठवतो, एआय वापरलंय का आणि कशासाठी, हे विचारा. वही न्या. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा. फोटो स्लाइडवर लावणार असाल तर त्याची वेगळी परवानगी घ्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा हा तुमच्याच विषयातला कायदा आहे आणि तुम्हीच तो विसरलात तर पिचवरचा विश्वास उडतो.

दोन तासांचा वर्ग

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आमच्या एका टीमनं जवळच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या मुलांचा एक शनिवार मागून घेतला. निदेशक सरांनी, म्हणजे तिथल्या शिक्षकांनी, हॉल दिला, एक प्रोजेक्टर दिला आणि सांगितलं, "दोन तासांत काय ते करा, बारा वाजता मुलांची बस आहे."

टीमनं रात्रभर जागून "कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काय" यावर तीस स्लाइड केल्या होत्या. पहिल्या दहा मिनिटांतच मुलांचे डोळे खिडकीबाहेर गेले. टीममधल्या एका मुलीनं ते ओळखलं, प्रोजेक्टर बंद केला आणि म्हणाली, "फोन काढा. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, एक बाथरूम, गिझर आहे. वायरिंगचं इस्टिमेट काढून दाखवा. मराठीत बोलूनच विचारा."

हॉल जागा झाला. एकजण "डीबी" म्हणाला, म्हणजे डिस्ट्रिब्युशन बोर्ड, तर एआयनं त्याला डेटाबेसविषयी सांगायला सुरुवात केली. सगळे हसले आणि प्रश्न नीट कसा मांडायचा हे कुणी न शिकवता शिकले. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून फोन घेऊन पुढे आला. त्याच्या इस्टिमेटमध्ये गिझरच्या पॉइंटला एक एमएमची वायर लिहून आली होती. तो म्हणाला, "मॅडम, हे चुकलंय. गिझरला ही वायर तापेल. अडीचची पाहिजे, आमचे सर तर चारचीच टाकायला सांगतात."

आमचं पिच तिथेच तयार झालं. या मुलाला एआय कसं चालतं हे माहीत नव्हतं, पण एआय कुठे चुकलं हे त्याला माहीत होतं आणि ते त्याच्या धंद्याच्या ज्ञानामुळे माहीत होतं. त्याच्या शेजारच्या चौघांनी तेच उत्तर तसंच वहीत उतरवून घेतलं होतं. चूक पकडणारा पोरगा आणि ते चौघं यांच्यातलं अंतर म्हणजे एआय कौशल्य. ते अंतर भरून काढणारा अभ्यासक्रम लिहायचा होता. त्या दिवशी टीमनं ॲपची कल्पना सोडून दिली.

तुम्हाला वेगळं काही सापडेल. वर्ग घेतल्याशिवाय सापडणार नाही, एवढं मात्र नक्की. वर्गात टीममधल्या एकानं शिकवू नये, नुसतं मागं बसून लिहावं: कुठल्या मिनिटाला लक्ष गेलं, कुठला शब्द कळला नाही, किती जणांचा नेटपॅक संपला, कुणी कुणाला शिकवलं. ही पानं पुढे सोन्याच्या मोलाची ठरतात.

देशात आधीपासून काय चालू आहे ते वाचा

"आपल्या देशात एआय शिकण्याची सोय नाही" हे वाक्य पिचमध्ये आलं की परीक्षक पेन खाली ठेवतात. सोय आहे. ती कुणासाठी आहे आणि कुठे पोचत नाही, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

केंद्रीय मंत्रिमंडळानं ७ मार्च २०२४ ला इंडिया एआय मिशनला मंजुरी दिली, पाच वर्षांसाठी १०,३७१.९२ कोटी रुपयांची. या मिशनचे सात स्तंभ आहेत आणि त्यातला एक, फ्यूचरस्किल्स, थेट तुमच्या विषयाचा आहे. लहान शहरांत डेटा आणि एआय लॅब उभारायचं काम त्याच्याखाली येतं. कौशल्य विकास मंत्रालयानं जुलै २०२५ मध्ये 'सोर' हा कार्यक्रम सुरू केला. त्यात सहावी ते बारावीच्या मुलांसाठी पंधरा-पंधरा तासांचे तीन भाग आहेत आणि शिक्षकांसाठी ४५ तासांचा एक. सीबीएसईनं नववीला एआय हा ऐच्छिक विषय २०१९-२० पासूनच आणला. आयटीआयमध्ये 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स प्रोग्रॅमिंग असिस्टंट' नावाचा ट्रेड आहे. ऑनलाइन शिकणाऱ्यांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेलं स्किल इंडिया डिजिटल हब आहे, तर आयटी क्षेत्रातल्यांसाठी इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालय आणि आयटी कंपन्यांची संघटना नॅसकॉम यांचं फ्यूचरस्किल्स प्राइम आहे. भाषांतरासाठी २०२२ पासून सरकारचं भाषिणी आहे.

हे सगळं स्लाइडवर ओतू नका. घरी एक कागद घ्या आणि रकाने आखा: कोणासाठी, किती तास, कुठल्या भाषेत, समोर शिकवायला कोण उभं राहतं, शेवटी हातात काय येतं. एकेक योजना भरत जा. मोकळा रकाना आपोआप दिसतो. आमच्या कागदावर शाळकरी मुलं भरली होती, प्रोग्रॅमर होऊ पाहणारेही भरले होते. ज्याच्या हातात पक्कड आणि टेस्टर आहे, त्याला त्याच्याच कामातलं एआय त्याच्याच भाषेत समोरासमोर शिकवणारा रकाना आम्हाला मोकळा दिसला. पिच त्या एका रकान्यावर उभं राहिलं.

आणखी एक शब्द ओळखीचा करून घ्या: एनएसक्यूएफ, म्हणजे राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा. सरकारमान्य कौशल्य अभ्यासक्रम म्हणून देशपातळीवर चालायचं तर अभ्यासक्रम या आराखड्यातल्या एखाद्या पायरीवर बसवावा लागतो आणि एनसीव्हीईटी ही नियामक संस्था त्यावर लक्ष ठेवते. "आमचं प्रमाणपत्र" असं म्हणणाऱ्या टीमला लगेच विचारलं जातं की ते मानणार कोण. आम्ही वेगळं प्रमाणपत्र काढायचंच टाळलं. इलेक्ट्रिशियन ट्रेडमध्ये मुलं आधीच शिकतायत. त्यातच जोडता येईल असा छोटा भाग सुचवला. परीक्षकांना हे पटलं, कारण नवी मान्यता मिळवायची वर्षं वाचत होती.

जुनी उदाहरणं

परदेशातली उदाहरणं द्यावीत का? एखादं द्या, पण त्यातून नेमकं काय घेतलं ते सांगा. फिनलंडमध्ये २०१८ मध्ये हेलसिंकी विद्यापीठ आणि रिअ‍ॅक्टर या कंपनीनं 'एलिमेंट्स ऑफ एआय' हा मोफत कोर्स काढला आणि लक्ष्य ठेवलं लोकसंख्येच्या एक टक्क्याचं. पंचावन्न लाखांचा देश, म्हणजे पंचावन्न हजार माणसं. आकडा छोटा होता, म्हणून लोकांना तो खरा वाटला. तोच एक टक्का आपल्याकडे एक कोटी चाळीस लाखांच्या घरात जातो, हे विसरून "फिनलंडसारखं करू" म्हणणाऱ्या टीम्स मी पाहिल्यात. सिंगापूरचा एआय अप्रेंटिसशिप कार्यक्रम वेगळ्या वाटेनं जातो: काही महिने, थोडी माणसं आणि काम खऱ्या कंपनीच्या खऱ्या प्रश्नावर.

मला मात्र वाटतं की महाराष्ट्रातल्या टीमनं सर्वांत आधी आपल्या घरचं उदाहरण पाहावं. एमएस-सीआयटी. २००१ मध्ये एमकेसीएल या कंपनीनं हा संगणक साक्षरतेचा कोर्स सुरू केला आणि तुमच्या घरातल्या काका-मावशीपैकी कुणीतरी तो नक्की केलेला असेल. त्यांना विचारा, कुठे केला? उत्तर येईल: चौकातल्या क्लासमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, अमुक सरांकडे. तो कोर्स वाढला तो गावोगावच्या छोट्या केंद्रांमुळे, मराठी पुस्तकामुळे आणि सरकारी नोकरीला तो लागतो या गरजेमुळे. जवळचं केंद्र, आपली भाषा आणि करायचं कारण. तुमच्या योजनेत या तिन्हींची उत्तरं आहेत का ते तपासा. आमच्या टीमच्या पहिल्या मसुद्यात तिसरं उत्तर नव्हतं. आयटीआयच्या मुलाला हे शिकून काय मिळणार? दुसऱ्या भेटीत त्याच मुलांनी सांगितलं: इस्टिमेट नीट छापून दिलं की गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं. ते वाक्य आम्ही जसंच्या तसं पिचमध्ये घेतलं.

मास्तरांचं गणित

राष्ट्रीय पातळीचं पिच पडतं ते बहुतेक वेळा इथे. शिकणाऱ्यांचा आकडा सगळे सांगतात, शिकवणाऱ्यांचा कुणी सांगत नाही.

कागदावर करून पाहू. समजा वर्षाला दहा लाख जणांना ४५ तासांचा कोर्स द्यायचा आहे आणि एका बॅचमध्ये ३० जण आहेत. पूर्णवेळ प्रशिक्षक रोज चार तास शिकवतो, वर्षात २२० दिवस. त्याचे ८८० तास झाले. ४५ नं भागले तर १९ बॅच, म्हणजे ५७० जण. दहा लाखांसाठी सुमारे १,७५० प्रशिक्षक लागतील. ठीक वाटतं.

आता खऱ्या जगात या. तुम्ही नवे प्रशिक्षक नेमणार नाही, आयटीआयच्याच निदेशकांकडून हे करून घेणार. त्यांच्या डोक्यावर आधीचे तास आहेत. रोज दोन तास मिळाले तर वर्षाचे ४४०, म्हणजे ९ बॅच, २७० जण. प्रशिक्षकांचा आकडा ३,७०० वर गेला. आणि तीसपैकी सगळे शेवटपर्यंत बसत नाहीत. बावीस जण पूर्ण करतात असं धरलं तर एका निदेशकामागे १९८ जण आणि लागणारे निदेशक ५,०५० च्या आसपास. योजना तीच, लक्ष्य तेच, पण आकडा जवळजवळ तिप्पट झाला.

हा चढता जिना परीक्षकांसमोर उलगडून दाखवा. "आधी आम्हालाही १,७५० वाटले होते" असं सांगून पुढच्या दोन पायऱ्या दाखवल्या की समोरची माणसं पुढे सरकून बसतात, कारण हे गणित त्यांनी सरकारी बैठकांत केलेलं असतं. देशात १४ हजारांहून अधिक आयटीआय आहेत. म्हणजे साधारण तीन आयटीआयमागे एक तयार निदेशक. आता आकडा हातात धरता येण्याजोगा झाला आणि पुढचा प्रश्न आपोआप येतो: या पाच हजारांना कोण शिकवणार, किती दिवसांत? त्याचंही उत्तर तयार हवं. आमचं उत्तर होतं की प्रत्येक जिल्ह्यात दोन मुख्य प्रशिक्षक नेमायचे आणि सुट्टीच्या काळात पाच दिवसांची निवासी शिबिरं घ्यायची.

खर्चही याच धाग्यानं काढा. प्रशिक्षकाचा महिना ३५,००० रुपये गृहीत धरला तर वर्षाचे ४,२०,०००. ते ५७० जणांत वाटले तर माणशी ७३७ रुपये. अर्ध्या वेळेचे २,१०,००० धरून १९८ जणांत वाटले तर १,०६१ रुपये. या रकमेत यंत्रं, नेट, छपाई धरलेली नाही, ती वेगळी दाखवा. आणि स्लाइडवर ठळक लिहा की पगाराचा आकडा तुमचा अंदाज आहे. अंदाजाला अंदाज म्हणणारी टीम विश्वासाची वाटते.

यंत्रांचं काय? लॅबमध्ये जाऊन मोजा. कागदावर वीस संगणक असतात, चालू किती हे बटण दाबून पाहा. मग एका यंत्रावर दोघं बसवायची की फोनवर शिकवायचं ते ठरवा. वेळ ठरवताना एसटीचं वेळापत्रक समोर ठेवा. आमच्या टीमनं संध्याकाळी पाचची बॅच धरली होती. आयटीआयच्या मुलींनी सांगितलं, "शेवटची गाडी साडेपाचला आहे, सर." पाचची बॅच म्हणजे मुलींशिवायची बॅच झाली असती. एका वाक्यानं योजना सुधारली.

मोजणार काय

किती जणांनी कोर्स पूर्ण केला, हा आकडा कुणालाच फार सांगत नाही. आमच्या टीमनं एक सोपी परीक्षा केली. एआयनं काढलेलं वायरिंगचं एक इस्टिमेट घ्यायचं, त्यात मुद्दाम पाच चुका ठेवायच्या. एक वायरच्या जाडीची, एक एमसीबीच्या अँपिअरची, एक अर्थिंग गाळलेली, एक बेरजेची, एक भावाची. कोर्सच्या आधी मुलांना द्यायचं आणि किती चुका सापडतात ते मोजायचं. नंतर दुसऱ्या घराचं इस्टिमेट, पुन्हा पाच चुका. सापडलेल्या चुकांचा फरक म्हणजे शिक्षण.

शिवणकाम शिकणाऱ्यांना कापडाच्या मापाचा हिशेब द्या, आशाताईंना लसीकरणाच्या तारखांचा तक्ता, गुरुजींना पाचवीच्या गणिताची चुकीची प्रश्नपत्रिका. परीक्षा शिकणाऱ्याच्या कामातूनच आली पाहिजे, एवढं पाळा.

टीम

स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये सहा जणांची टीम लागते आणि त्यात किमान एक मुलगी असावीच लागते. ऐन वेळी नाव घालून हा नियम उरकणाऱ्या टीम्सचं मला वाईट वाटतं. वर सांगितलेल्या दोन्ही प्रसंगांत योजना वाचली ती मुलींनी बोलल्यामुळे, एकदा आमच्या आणि एकदा आयटीआयच्या.

सहाही जण कोडिंगवाले घेऊ नका. एखादी बीएड करणारी मैत्रीण, एखादा कॉमर्सचा मित्र हवा होता असं शेवटी नेहमी वाटतं. स्पर्धेचा नियम बाहेरच्या कॉलेजला परवानगी देत नसेल तर त्यांना चहाला बोलावून योजना वाचायला द्या. कामं अशी वाटा: दोघं क्षेत्रभेटीला, एक गणिताला, एक डेमोला, एक बोलायला आणि एकजण फक्त शंका काढायला. शंका काढणाऱ्यानं रोज एक खोड काढून वहीत लिहायची आणि टीमनं तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी द्यायचं. या मुलावर रागावू नका, सर्वांत कठीण काम तोच करतोय.

स्लाइड

हॅकेथॉनच्या ठरलेल्या साच्यात शीर्षकासह सहा स्लाइडची मर्यादा असते: शीर्षक, कल्पना, तांत्रिक मांडणी, शक्यता आणि टिकाव, परिणाम आणि लाभ, संदर्भ. दरवर्षीची सूचना स्वतः वाचा, साचा मोडू नका. कल्पनेच्या स्लाइडवर तुमच्या मोकळ्या रकान्याचं एक वाक्य आणि त्या चुकीच्या इस्टिमेटचा फोटो, ज्यात "गिझर – १ एमएम" या ओळीभोवती लाल वर्तुळ आहे. शक्यतेच्या स्लाइडवर मास्तरांचं गणित, दुसरं काही नको. तांत्रिक स्लाइडवर नावांची गर्दी टाळा. कुठलं मॉडेल वापरता यापेक्षा नेट गेलं तर वर्ग कसा चालेल, हे लोकांना जास्त कळायला हवं असतं.

फाइल पीडीएफ करून पाठवा. मराठी अक्षरं असतील तर हे अगदी आवश्यक आहे, कारण दुसऱ्याच्या लॅपटॉपवर फॉन्ट नसला की जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात आणि शिकणाऱ्याचं ते सुंदर वाक्य चौकटी-चौकटींचं दिसतं. आमच्या बाबतीत एकदा अगदी शेवटच्या फेरीत असं झालं आहे.

बोलणं

पहिल्या वीस सेकंदांत त्या मुलाची गोष्ट सांगा, गिझरची. परीक्षक बाहेरच्या राज्यातले असतील तर हिंदीत किंवा इंग्रजीत बोला, पण मुलाचं वाक्य मराठीतच म्हणा आणि लगेच अर्थ सांगा. खऱ्या माणसाच्या तोंडचं वाक्य खोलीत वेगळं ऐकू येतं.

सराव घड्याळ लावून, उभं राहून, मोठ्यानं करा. एकदा कॉलेजच्या मेसमधल्या मावशींसमोर करा. त्यांना शेवटी विचारा, "आम्ही काय करणार आहोत, सांगा पाहू?" त्यांनी दोन वाक्यांत नीट सांगितलं तर पिच तयार आहे. त्या "कॉम्प्युटरचं काहीतरी" म्हणाल्या तर पुन्हा बसा.

प्रश्न येतात ते

यूट्यूबवर सगळं फुकट आहे, मग तुमची गरज काय? हा येणारच. उत्तरात वाद घालू नका, वर्गातला अनुभव सांगा: चौघांनी चुकीचं उत्तर वहीत उतरवलं आणि त्यांना थांबवणारा पाचवा मुलगा खोलीत होता म्हणून ते थांबले. व्हिडिओत तो पाचवा नसतो.

आजचं टूल वर्षभरात बदललं तर अभ्यासक्रमाचं काय? सांगा की आम्ही टूलची बटणं शिकवतच नाही. प्रश्न मांडणं, उत्तर आपल्या ज्ञानाशी ताडून पाहणं आणि कुणाची माहिती आत टाकायची नाही हे ओळखणं, या सवयी शिकवतो. गिऱ्हाइकाचा आधार क्रमांक इस्टिमेट काढताना टाकायचा नसतो, हे टूल बदललं तरी तसंच राहतं.

याने नोकऱ्या मिळतील का? इथे आश्वासन देऊ नका. तुमच्याकडे त्याचा पुरावा नाही आणि खोट्या आशेनं ज्यांचं नुकसान होईल ती मुलं तुम्ही पाहिलेली आहेत. काम नीट होईल, चूक कमी होईल, गिऱ्हाइकाशी बोलणं सोपं होईल, एवढं म्हणा आणि ते तुम्ही कसं मोजलं ते दाखवा.

माहीत नसलेल्या प्रश्नाला "हे आम्ही तपासलेलं नाही, असं तपासू शकतो" असं उत्तर द्या. एकाच्या उत्तरात दुसऱ्यानं घुसू नये, हे आधीच ठरवा. मेंटॉरनं तर तोंडच उघडू नये. मीही हे कष्टानं शिकलोय.

आणि एक प्रश्न हमखास शेवटी येतो: स्पर्धा संपल्यावर या कामाचं काय? अंतिम फेरीला निघण्याआधी दुसरी बॅच ठरवून निघा. त्या वर्षी आमच्या टीममधल्या मुलीनं वहीचं पान उघडून परीक्षकांसमोर धरलं. निदेशक सरांची सही होती, पुढच्या शनिवारची तारीख होती, वेळ सकाळी दहा ते बारा आणि खाली पेनानं लिहिलेली सव्वीस नावं.